शेऱ्याचा रकाना

टक्.

एवढ्याशा आवाजाने स्वयंपाकघरातली शांतता मोडली. टोचणीच्या पेनाचा आवाज खरं तर चुटकीहूनही बारीक. पण सकाळी पावणेसातला, नळ बंद, पंखा बंद आणि घरातलं तिसरं माणूस केव्हाच कामावर गेलेलं असताना, तो भिंतीला लागून परत आल्यासारखा वाटायचा.

गोटीने डावा हात टेबलावर उताणा ठेवला होता. करंगळीशेजारच्या बोटावर लाल मणी उगवला.

"आज कोणाची पाळी?" आईने विचारलं.

"धाकट्या काकूची. मधला काका संपावर गेलाय. काल त्याला दोनदा टोचलं ना."

बोटांना गोटीने नाती वाटून दिली होती. अंगठा म्हणजे आजोबा. त्यांना टोचायचं नाही, त्यांचं वय झालंय, हा तिचाच नियम. आईने पट्टी मण्याला टेकवली. यंत्राने पाच आकडे उलटे मोजले आणि एकशे चौतीस दाखवले.

"पास!" गोटी म्हणाली.

"यात पास-नापास नसतं. डॉक्टर किती वेळा सांगतात?"

"नसतं, तर मग दोनशेच्या वर गेले की तू तोंड कशाला पाडतेस?"

आईने अंडं सोलायला घेतलं. मग इन्शुलिनच्या पेनाची मान फिरवून चार युनिट गोटीच्या पोटावर टोचले, दहापर्यंत मोजलं, सुई काढून डब्यात टाकली आणि मग वही ओढली. निळ्या पुठ्ठ्याची, लांबट, जाडजूड, दवाखान्यातून मिळालेली छापील वही. तारीख, वेळ, साखर, खाणं, इन्शुलिन, आणि उजव्या कडेला बोटभर रुंदीचा शेवटचा रकाना: शेरा. आकडे लिहून झाल्यावर आईने पेन त्या रकान्यावर टेकवलं, जरा थांबली आणि नुसती आडवी रेघ मारली.

"परत रेघ?" गोटी म्हणाली. "लिही ना काहीतरी."

"काय लिहू?"

"काहीही. बाबाला वाचायला."

"दवाखान्यात जायचंय, उशीर होतोय. दूध संपव आधी."

गेले दहा दिवस आई रेघच मारत होती.

गोटी हे नाव मुलीला तान्हेपणीच्या गुटगुटीतपणामुळे पडलं होतं. दोन वर्षांपूर्वी, सातव्या वर्षी, ती अचानक घागरभर पाणी प्यायला लागली, अंथरूण ओलं करायला लागली आणि महिनाभरात इतकी सुकली, की तिचं नावच तेवढं गोल उरलं. आजाराचं नाव कळलं तेव्हा आईबाबांना वाटलं होतं, गोड बंद केलं की झालं. मग कळलं, की हा लहान मुलांचा मधुमेह वेगळा. शरीर इन्शुलिन बनवतच नाही. ते दिवसातून चार वेळा बाहेरून द्यायचं, आकडा बघून द्यायचं, आणि हे काही दिवसांसाठी नसून कायमचं आहे.

म्हणजे घरात सतत कुणीतरी जाणतं माणूस हवं. दोघांनी आपापल्या पाळ्या बदलून घेतल्या. बाबा शहर बसवर ड्रायव्हर. त्याने पहिली बस मागून घेतली. पहाटे चारला घर सोडायचं, दुपारी पावणेतीनला परत. आई एका हॉटेलच्या लॉन्ड्रीत चादरींवर होती; तिने दुपारची पाळी घेतली. गोटी एकला शाळेतून आली की तिला टोचायचं, जेवायला घालायचं आणि दोनला निघायचं. परत येईतो बाप-लेक झोपलेले. मधला पाऊण तास शेजारच्या मावशी येऊन बसत. अशी चोवीस तासांची राखण अगदी पक्की झाली. नवरा-बायकोने एकमेकांना भेटायचं तेवढं त्यात राहून गेलं. आठवड्याची सुट्टीसुद्धा त्याची रविवारी आणि तिची मंगळवारी. रविवारी सकाळी, मंगळवारी संध्याकाळी दोघं एका खोलीत असत खरे, पण सवयच मोडली होती. तो खुर्चीत बसल्या बसल्या पेंगायचा.

"काय म्हणतोस?" ती विचारायची.

"काही नाही. तू?"

"काही नाही."

मग दोघंही गोटीकडे बघत बसायचे.

त्यांची खरी गाठभेट व्हायची ती वहीत. सकाळ-दुपारचे आकडे आई लिहायची, संध्याकाळचे बाबा. बाबाचं अक्षर त्याचं त्यालाच लागत नसे. बसच्या नोंदवहीत तो कशीबशी सही ठोकायचा. म्हणून त्याने गोटीलाच लेखनिक नेमलं. "बाबा सांगतो आणि मी लिहिते," असं ती ऐटीत सांगायची. सुरुवातीला तिची अक्षरं रकान्यातून बाहेर सांडायची. दोन वर्षांत ती बारीक होत होत ओळीत मावायला लागली. आणि अशीच एकदा, आई कामावरून परतली तेव्हा, शेऱ्याच्या रकान्यात तिला दिसलं: 'आज जेवण छान झालं होतं.'

दवाखान्याने तो रकाना ठेवला होता तो ताप, उलट्या, जास्तीचा खेळ असलं लिहायला. आई चप्पल पायात तशीच ठेवून ती ओळ पुन:पुन्हा वाचत राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या आकड्यापुढे तिने लिहिलं: 'मीठ कमी पडलं होतं. तरी थँक्यू.' मग ते सुरूच झालं. 'बसमध्ये आज एक बाई अगदी तुझ्यासारखी हसली.' 'तुझा निळा ड्रेस कुठे आहे? घालत नाहीस.' 'गोटीला तुझी आठवण आली. मला पण.'

लग्नाला अकरा वर्षं झाली होती. तोंडाने हा माणूस कधी असलं बोलला नव्हता. समोर कुणी नसलं की बोलता येणारी माणसं असतात, हा त्यांतला, असं आईने स्वतःला समजावलं. तिने त्याला त्याबद्दल कधी विचारलं नाही. विचारलं तर ते जागच्या जागी आटेल अशी तिला भीती वाटे. लॉन्ड्रीत डबल बेडच्या चादरी घडी घालताना दोन बाया लागतात. एक टोक आपण धरायचं, दुसरं समोरचीने. समोरची बाई सतत बोलायची, आपल्या नवऱ्याच्या कागाळ्या सांगायची. आई ऐकून घ्यायची आणि मनात म्हणायची, माझा लिहितो.

आणि दहा दिवसांपूर्वी ते घडलं.

आदल्या संध्याकाळच्या आकड्यापुढे गोटीच्या अक्षरात लिहिलं होतं: 'पहाटे निघताना तुझ्याकडे बघत उभा राहिलो. उठवलं नाही.' आईने ते रात्रभर जपून ठेवलं. सकाळी न्याहारीचा आकडा लिहिल्यावर तिचं पेन थांबेचना. 'उठवत जा. एकदा उठवून तर बघ. मला किती महिन्यांत कुणी उठवलेलं नाही, गजरच उठवतो...' रकाना संपला तशी ती खालच्या ओळींवर उतरली. न्याहारीच्या ओळीत सुरू झालेलं ते पत्र दुपारच्या, संध्याकाळच्या ओळी खाऊन पानाच्या तळाला गेलं. दुपारी सव्वाला गोटीला पाच युनिट दिले तेव्हा त्या पानावर जागाच नव्हती. तिने पान उलटलं, मागच्या बाजूला वर पाच युनिट लिहिले आणि घाईने कामाला गेली. पेन मात्र सवयीने अलीकडच्याच पानात खोचलं.

बाबा आला. गोटी शाळेने दमून झोपली होती. त्याने पेन होतं ते पान उघडलं. नेहमीसारखी त्याने आकड्यांवरूनच नजर फिरवली. न्याहारीचे चार युनिट होते. दुपारचे कुठेच नव्हते. झोपेतच बोट टोचून पाहिलं तर साखर दोनशे चाळीस, जेवणानंतर असते तशी. त्याला वाटलं, बायको घाईत विसरली. फोन केला, लॉन्ड्रीत फोन कपाटात ठेवावे लागतात, तो उचलला गेला नाही. त्याने मुलीचं पांघरूण जरासं बाजूला केलं आणि आणखी पाच युनिट दिले.

तासाभराने गोटी घामाने निथळत होती. साखर उतरून शेहेचाळीस.

साखरेचं पाणी, पुन्हा साखरेचं पाणी, दवाखान्याच्या सिस्टरांना फोन, दर पंधरा मिनिटांनी बोट. लॉन्ड्रीच्या मुकादमाने निरोप दिला तशी आई ॲप्रन न काढता धावत आली, तेव्हा गोटी उशीला टेकून बिस्किट खात होती आणि बाबा वही उलटीपालटी करत उभा होता.

"वहीत आकडे लिहायचे असतात," तो म्हणाला. त्याचा आवाज चिरका झाला होता. "एवढं काय लिहीत बसतेस त्यात?"

एवढंच. मग तो गॅलरीत गेला.

दुसऱ्या दिवशी रकान्यात होतं: 'काल रागावलो. मनावर घेऊ नकोस. घाबरलो होतो.' आईने ते वाचलं, बोटाने पुसल्यासारखं केलं. पण त्या दिवसापासून तिला त्या रकान्यात एक अक्षर लिहवेना. रोज रेघ. पलीकडून मात्र येतच राहिलं: 'आज पण रेघ?' आणि परवा: 'तू लिहीत नाहीस तर वही मुकी वाटते.'

आज त्यांना दवाखान्यात बोलावलं होतं, त्या शेहेचाळीसचा जाब द्यायला. निदान आईची तरी तशी समजूत होती.

मुलांच्या मधुमेहाचा विभाग दुसऱ्या मजल्यावर होता. तिथे सगळी अशीच मुलं. कुणाचंच कुणाला नवल नाही. वजनकाट्यावर उभं राहताना गोटीने पोट आत ओढून घेतलं, मग सिस्टरांनी टपली मारल्यावर सोडलं. मोठ्या सिस्टर सगळ्या आयांना मुलांच्याच नावाने हाक मारायच्या.

"या, गोटीची आई. वही आणलीत? द्या. आमची मालिका बघू द्या." त्यांनी चष्मा चढवला. "मागच्या वेळी निळ्या ड्रेसवर आलो होतो आपण."

आई कानापर्यंत लाल झाली. "तुम्ही ते वाचता?"

"अहो, साखर सगळ्यांच्याच वह्यांत असते. हे कुठे असतं?" सिस्टर पानं उलटत गेल्या आणि त्या पत्राच्या पानावर थांबल्या. तिथे त्यांनी काही गंमत केली नाही. वही अलगद मिटून त्यांनी ती आईच्या हातात दिली. "डॉक्टर बोलावतायत. जा."

डॉक्टरांची एक रीत होती. त्या खुर्ची सोडून बुटक्या स्टुलावर बसायच्या, म्हणजे मुलाचे डोळे आणि त्यांचे डोळे एका रेषेत यायचे. आणि आईबापांना विचारायच्या आधी मुलाला विचारायच्या. बोटांची टोकं बघितली, पोटावर इन्शुलिनच्या गाठी आल्यात का ते चाचपलं, आणि मग म्हणाल्या, "त्या दिवशी काय झालं, तूच सांग बरं."

"मी झोपले होते," गोटी म्हणाली. "उठले तेव्हा सगळं गोल गोल फिरत होतं. फ्रॉक ओला झालेला. आणि बाबा रडत होता."

आईने चमकून तिच्याकडे पाहिलं. "बाबा रडत होता?"

"साखरेचं पाणी पाजताना. अर्धं तर माझ्या मानेवरच सांडलं. म्हणाला, आईला सांगू नकोस." मग तिच्या लक्षात आलं. "अय्या. सांगितलं."

डॉक्टरांना हसू आलं, पण त्यांनी ते ओठांतच ठेवलं. त्या आईकडे वळल्या. आईने घरून उत्तर तयार करून आणलं होतं. ते सगळं विसरून तिने वही उघडली आणि ते पान त्यांच्यासमोर धरलं.

"माझ्यामुळे झालं. मी इथे... जास्तीचं लिहिलं. म्हणून दुपारचा डोस मागच्या पानावर गेला."

डॉक्टरांनी पान वाचलं नाही. नुसता हात ठेवला त्यावर.

"चूक झालीच नाही असं मी म्हणणार नाही. झाली. पण तुमच्यासारख्या घरांत ती आज ना उद्या व्हायचीच होती. एक जण घरात येतो तेव्हा दुसरा नसतो, आणि मध्ये सांगायला फक्त एक कागद. तो कागद काढू या आपण."

त्यांनी खणातून एक चकती काढली. मोठ्या नाण्याएवढी, पांढरी. ती दंडाला चिकटवायची. खाली केसासारखी मऊ तार, ती कातडीत राहते. पंधरा दिवसांनी बदलायची. दर थोड्या मिनिटांनी साखरेचा आकडा आईच्या फोनवर आणि बाबाच्याही फोनवर, एकाच वेळी. इन्शुलिन दिलं की फोनवरच नोंद दाबायची. दुसऱ्याला तत्क्षणी कळणार. विभागाच्या योजनेत चकत्यांचे दोन संच नव्याने आले होते आणि एक त्यांनी गोटीसाठी राखून ठेवला होता.

"म्हणजे टोचायचं नाही?" गोटी ओरडलीच. "काका, काकू सगळे रिटायर?"

"कधीमधी बोलवावं लागेल त्यांना. रोज नाही."

"आणि वही?" आईने विचारलं.

"वही बंद. दोन ठिकाणी नोंदी ठेवल्या, की परत तोच घोळ. हिने इथे बघितलं, त्याने तिथे. वही तुमच्यापाशी ठेवा हवी तर, पण लिहायचं मात्र नाही."

"फोनवर शेरा लिहायला... असतं का काही?"

"शेरा?" डॉक्टर क्षणभर गोंधळल्या. "आकड्यांसाठी आहे हो ते. बाकीचं काय, फोन आहेच. बोला, निरोप पाठवा."

आईने मान हलवली. त्याचे फोनवरचे निरोप तिला तोंडपाठ होते. हो. बरं. पोचलो. फार तर एक अंगठा.

सिस्टरांनी संमतीचा कागद पुढे सरकवला. खाली पालकाच्या सहीची जागा. आईने पेन हातात घेतलं आणि पुन्हा ठेवलं.

"त्याला एकदा विचारते," ती म्हणाली. "बाबाला."

सिस्टरांनी भुवई उचलली. आई खिडकीशी गेली. अकरा वीस झाले होते. या वेळी त्याची बस शेवटच्या थांब्यावर दहा मिनिटं उभी असते, एवढं तिला ठाऊक होतं. त्याने पहिल्याच घंटीला फोन उचलला.

"काय झालं? किती आहे?"

"काही झालं नाही. बरी आहे. ते दंडाला लावायचं यंत्र देतायत. आकडा फोनवर येतो. तुझ्या आणि माझ्या, दोघांच्या."

"दोघांच्या? एकदम?"

"हो."

"मग लाव की. विचारतेस काय?"

मागे इंजिनाची घरघर होती, कुणीतरी दार आपटलं. आई खिडकीच्या चौकटीवरचा रंगाचा पोपडा नखाने काढत राहिली.

"वही बंद होणार म्हणतात."

"बरं झालं. कटकट गेली." मग जरा थांबून, "तू जेवलीस?"

"अकरा वाजलेत."

"हां. बस सुटतेय, ठेवतो."

खाली आवारात कुणीतरी गाडी मागे घेत होतं. गाडी पूर्ण वळेपर्यंत ती बघत राहिली. मग टेबलापाशी आली, सही केली, आणि सही करायला आपल्याला पंधरा मिनिटं लागली याची तिला मनातल्या मनात इतकी लाज वाटली, की तिने गोटीला उगाचच जवळ ओढलं.

"आई, गुदमरतेय मी."

"गुदमर जरा."

चकती लावताना पुन्हा एक टक् झालं, जरा जाड. गोटीने डोळे घट्ट मिटले, एक उघडला, मग दुसरा. "झालं पण?" सिस्टरांनी आईचा फोन घेऊन त्यात सगळं जोडून दिलं, बाबाच्या फोनवर दुवा पाठवला. चकतीला शरीराची ओळख पटायला तास लागतो, तोवर बाहेर बसा, पहिला आकडा आला की दाखवून जा, असं सांगितलं.

बाहेरच्या बाकावर दोघी बसल्या. बाक लांबलचक होता आणि त्या वेळी त्यावर दुसरं कुणीच नव्हतं. समोरच्या भिंतीवर एका फळाचं चित्र होतं, खाली त्यातली साखर लिहिलेली. गोटीने पाय हलवत चार वेळा वेळ विचारली. मग ती दंड वाकवून, सरळ करून, चकती हलते का ते बघण्यात गुंतली.

आईने पिशवीतून वही काढली. तिच्यात आता सहा कोरी पानं उरली होती. तिने ती उलटून मागे नेली, अगदी मागे, जिथे अक्षरं बोराएवढी होती आणि आकड्यांतला आठ नेहमी आडवा पडलेला असायचा. एकेक पान. १८८, १०२, २६०, ९५. आणि कडेला ते. 'आज जेवण छान झालं होतं.' 'तुझी चप्पल झिजलीय, नवी घे.' 'मी घोरतो का? गोटी म्हणते घोरतो.' तिला हसू आलं. हे तिने विसरूनच टाकलं होतं. 'तू दमतेस. मला कळतं.' याच्यावर एक डाग होता, हळदीचा की चहाचा. तिने तो अंगठ्याने चोळला.

शेजारून गोटी वाचत होती. आईच्या ते लक्षात आलं नाही. आईला एवढंच वाटत होतं, की या वहीतला माणूस आज अकरा वीसला फोनवर नव्हता, आणि उद्यापासून तो कुठेच असणार नाही. घरी असेल तो फोनवरचा माणूस. दुपारी पावणेतीनला दार उघडेल, पहाटे चारला बंद करेल. त्याच्यावर तिचा काही राग नव्हता. तो रडला होता, पाणी सांडलं होतं. तिला ते कुणी सांगितलं नसतं तर कळलं नसतं.

"आई, तू रडतेस?"

"नाही गं. डोळ्यांत औषधाचा वास जातोय."

"वास नाकात जातो."

"जा बघू, पाणी पिऊन ये."

गोटी गेली, नळाशी उगाच रेंगाळली, तोंडात पाणी भरून गाल फुगवून परत आली आणि आईला हसवायचा प्रयत्न केला. आई हसली. मग मुलीने पाणी गिळून टाकलं आणि तिला टेकून बसली, चकतीचा दंड बाहेरच्या बाजूला सांभाळून.

फोन वाजला नाही. मांडीवर नुसता थरथरला. काळ्या पडद्यावर आकडा उमटला: एकशे सत्तावीस. शेजारी एक सरळ आडवा बाण, म्हणजे चढत नाही, उतरत नाही. वही नाही, बोट नाही, रक्त नाही. आईला एकदम गहिवरून आलं. कुठलीही आई असती तरी तिला आलं असतं. याच क्षणी तो आकडा दूर कुठेतरी एका ड्रायव्हरच्या शर्टाच्या खिशातही थरथरला होता. दोन वर्षांत पहिल्यांदाच दोघांनी दोन ठिकाणांहून एकच गोष्ट एकाच वेळी पाहिली होती. निदान बस थांबल्यावर तो पाहील.

ती आकड्याकडे बघत राहिली. आकड्याखाली काळा पडदा होता, मोकळा.

आठ मिनिटांनी निरोप आला.

'दिसला.'

आईने तो एकदा वाचला. मग फोन जरा तिरका करून पुन्हा वाचला, पुढे काही उरलंय का ते बघायला. गोटीनेही मान वाकडी करून वाचला.

"एवढंच?"

"कामावर आहे ना तो."

गोटी चकतीच्या कडेवरून बोट गोल फिरवत राहिली. आतून सिस्टरांनी कुणाला तरी हाक मारली, कुणाचे तरी बूट चुरचुरत गेले. आईने वही मिटली आणि पिशवीत टाकायला हात उचलला.

"आई, बाबा मला पण नुसता आकडाच सांगायचा."

आईचा हात पिशवीच्या तोंडाशीच राहिला.

"बाकीचं तो नाही सांगायचा. बाकीचं त्याच्या तोंडावर असायचं. मी बघून बघून लिहायचे. काही काही मनानेच." गोटीने तिच्या हातातली वही हळूच स्वतःकडे ओढून घेतली आणि वर पाहिलं. "आता ते मी कशात लिहू?"